पत्र्याची ट्रंक, दोनशे कार्डं आणि एक ठकू

अबोली

गेल्या मे महिन्यात गावचं घर उतरवायला काढलं. कौलं काढण्याआधी माळा रिकामा करायचा होता. फुटक्या बरण्या, मोडका पाट, दांड्याशिवायची विळी, आणि सगळ्यात मागे पत्र्याची ट्रंक. कुलूप गंजून एकजीव झालेलं. आत्तेभावाने पहार घातली तेव्हा कुठे निघालं. आत लाल खारव्याचं बासन, त्यात पत्रं. मोजली: पोस्टकार्डं दोनशे अकरा, पाकिटातली चाळीसेक, शिवाय मोडीतले सुटे कागद. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, पण बाकी सगळं शाबूत आहे. आत्तेभाऊ म्हणाला, "रद्दीत घालू नकोस, पण घरातही ठेवू नकोस." म्हणून सध्या ती डोंबिवलीत माझ्या पलंगाखाली आहे.

मला हवंय ते एवढंच: पणजीचं माहेर. आमचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यात पणजोबांची नोकरी (रत्नागिरीत कचेरीत कारकून), बदल्या, पेन्शन, इतकंच काय "स्वभाव करारी" हेसुद्धा आहे. पणजीला त्यात दोनच शब्द मिळालेत: पत्नी सरस्वती. माहेरचं आडनाव नाही, गाव नाही. आजोबांचा जन्म १९०६ चा. पणजी १९३१ साली गेली एवढं काकांना ठाऊक आहे. काका आता ८३ चे, कान कमी पण डोकं तल्लख. रविवारी दुपारी मी फोटो मोठे करून दाखवते आणि ते आठवतील तसं सांगतात.

अडलंय तीन ठिकाणी.

एक, मोडी. मला अक्षर ओळखीचं वाटतं आणि शब्द लागत नाही.

दोन, आमच्या घरच्या माणसांनी लिहिलेल्या पत्रांत "सौ. सरस्वती" येते, ते ठीक. पण बर्‍याच कार्डांत "चि. ठकूस आशीर्वाद" आहे. ही ठकू काही वर्षं सारखी दिसते आणि मग गायब. काकांना ठकू नावाचं कुणी माहीत नाही. पणजोबांची बहीण असावी असा माझा अंदाज. कुलवृत्तांतात बहिणींना जागाच नाही, त्यामुळे पडताळायचं कशावर?

तीन, अडीचशे पत्रांत कुणी मेल्याची बातमी नाही. प्लेगची वर्षं आहेत, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ) आहे. लग्नं आहेत, मुंजी आहेत, गाय व्यायली आहे, पण मेलं कुणीच नाही. हे कसं?

खुसपट

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचतो.

बोरू

खुसपट, पुण्याच्या पेशवे दफ्तरात आधीच हजारो रुमाल आहेत, त्यात तुमचा एक. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथे कागद कापडात बांधलेले असतात, त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणतात.)

अबोली, आधी हात आवरा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घडीवर फाटलेलं कार्ड तसंच पातळ सुती कापडात ठेवा. फोटो काढताना फ्लॅश नको. सकाळी खिडकीत तिरक्या उजेडात धरलं की पुसट शाईसुद्धा उठून दिसते.

आता मोडी. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्ह नाही, र्‍हस्व-दीर्घाची भानगड नाही. नवशिक्याची दमछाक होते ती अक्षरांनी नाही, शब्द कुठे संपतो ते न कळल्याने. त्यावर उपाय पत्रातच आहे. जुन्या पत्राची सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष", "येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे", शेवटी "बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती". हे मजकूर तुम्हाला आधीच पाठ आहेत. म्हणजे त्या माणसाच्या हातचा अर्धा कित्ता तुमच्या पुढ्यात आहे. त्याचा "क" कसा वळतो, "ल" कुठे फसवतो ते तिथून उचला आणि मगच मधल्या मजकुरात शिरा. प्रत्येक माणसाचा हात वेगळा, तेव्हा एका वेळी एकाचीच पत्रं घ्या.

आकडे वाचताना सावध. उभ्या रेघा म्हणजे पाव, निम्मे, पाऊण. "५॥।" म्हणजे पावणेसहा. माझ्या भाच्याने एका जमाखर्चात "१२॥" चे बाराशे अकरा केले आणि घराण्याला तासाभरात श्रीमंत करून टाकलं.

तारखांचं: शकात ७८ मिळवा, पौषाच्या सुमारापासून पुढे ७९. फसली (महसुली) सनात ५९०. सुट्या मोडी कागदांत जुनं काही असेल तर अरबी सन भेटेल, तोही आकड्यात नाही, शब्दांत आणि एककापासून उलटा. "सन इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार: ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि ते वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून १७७१-७२.

अबोली

बोरू, खूप आभार. ठकूचं शेवटचं कार्ड आहे त्यावर शकच नाही. नुसतं "शुभकृत मार्गशीर्ष" आणि तिथी. शुभकृत हे संवत्सराचं नाव ना?

बोरू

हो, साठांतलं छत्तिसावं. सोपा हिशेब: शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १८२४ अधिक १२ म्हणजे १८३६, बाकी ३६. म्हणजे शके १८२४, डिसेंबर १९०२. साठ वर्षं मागे जाता येत नाही, कारण आपल्याकडे पोस्टकार्डच १८७९ साली आलं, पाव आण्याला. कार्डावर छापलेला मुखवटा बघा. व्हिक्टोरिया राणी असली तर आधीचं, दाढीवाला टक्कल पडलेला राजा असला तर तो सातवा एडवर्ड, १९०२ पासूनचा.

अबोली

राजा आहे! टक्कल आहे!

माहेरवाशीण_५७

अबोली, तुमचा दुसरा प्रश्न वाचून मला हसू आलं, रागावू नका. अहो, माहेरची माणसं सासरचं नाव कशाला लिहितील? माझ्या आईचं लग्नातलं नाव सुनंदा. मामा शेवटपर्यंत पत्रात "चि. बेबीस" लिहायचा. पाकिटावर सुनंदा, आत बेबी. त्या काळी बापाने लेकीला पत्र घातलं तरी ते जावयाच्या नावाने. जावयाला "राजमान्य राजश्री" आणि खाली एका ओळीत लेकीला आशीर्वाद, कारण वाचून दाखवणार जावईच. तुमची ठकू आणि तुमची सरस्वती एकच बाई असणार. ठकूची कार्डं कुणाकडून आलीत ते बघा, तेच माहेर.

अबोली

हे इतकं उघड होतं आणि मी चार महिने पणजोबांना बहीण शोधत बसले.

जुनाट

तिसर्‍या प्रश्नाचं मी सांगतो, वय झालंय म्हणून.

मरणाचं पत्र घरात ठेवत नसत. त्याला वर "श्री" नसे, कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमनने ते हातात ठेवलं की न वाचताच कळे. आमच्याकडे असं पत्र उंबर्‍याबाहेर उभं राहून वाचायचे, तिथेच फाडायचे आणि मग आंघोळ. मी लहान असताना आजीने मला ओट्यावरून ओरडून थांबवलेलं आठवतं, कारण मी असं कार्ड हातात घेऊन स्वयंपाकघरात निघालो होतो. कोपरा फाटलेला बघून मला वाटलं उंदराने खाल्लं.

तेव्हा ट्रंकेत तुम्हाला मरण सापडणार नाही, मरणाने पडलेली भोकं सापडतील. कार्डं तारखेने लावा आणि खंड कुठे पडतो ते बघा. आणि बाईच्या नावामागचं बघत राहा. एका पत्रात "सौ." आणि पुढच्यात "गं. भा." झालं, की त्या दोन पत्रांच्या मधे तो माणूस गेला.

खुसपट

वाचून उठलो आणि आईच्या कपाटातली पत्रं काढली. एकही कोपरा फाटलेलं नाही. बरोबर आहे म्हणजे.

आठ_अ

थोडं कोरडं लिहितो. पत्रं असणं हे नशीब. नसतील त्यांनी महसुली कागदाकडे जावं. सातबारावर आज दिसतं ते शेवटचं पान, गोष्ट असते फेरफारात (गाव नमुना ६). वारस नोंद झाली की अमुक मयत, वारस अमुक तमुक, असं लिहावंच लागतं. कुणी कुणाला दत्तक गेलं, विधवेचं नाव कधी लागलं आणि कधी कमी झालं, सगळं तिथे. जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर टाकायला सुरुवात झालीय, पण सगळे जिल्हे नाहीत. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते तहसीलच्या अभिलेख कक्षात.

आता अनुभव. मी फेरफाराच्या नकला काढायला अर्ज केला आणि आठवड्यात दोन चुलत घरांनी बोलणं टाकलं. "आजोबांची माहिती हवीय" यावर गावात कोण विश्वास ठेवतो? बहिणीने विचारलं असतं तर आणखी भडका. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला जन्मतः हिस्सा आहे आणि ते सगळ्यांना पक्कं माहीत आहे. माझ्या चुलतभावाने सरळ विचारलं, "हिस्सा किती हवाय ते बोल, इतिहास राहू दे." त्याला वंशावळ काढून दाखवली, त्यात त्याच्या नातवाचंसुद्धा नाव घातलं, तेव्हा चहा मिळाला. कागद मागायला जाण्याआधी माणसांकडे जा, आणि जाताना काहीतरी दाखवायला घेऊन जा. एक जुना फोटो पुरतो.

अबोली

आमच्याकडेही झालं हे. धाकट्या काकूंनी विचारलंच, "घर उतरवल्यावर आत्ताच कशी सुचली पणजी?" मी कार्डांचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लागले तेव्हा जरा निवळलं. आता त्याच विचारतात, पुढचं कार्ड कधी.

वेशीबाहेर

धागा छान आहे, पण एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. कुलवृत्तांत, बासन, कचेरीतले पणजोबा हे सगळ्यांच्या माळ्यावर नसतं. आमच्याकडं लिहिणारी पहिली पिढी माझ्या वडिलांची.

तरी कागद आहेत. आमचे कागद आम्ही लिहिलेले नाहीत, आमच्याबद्दल लिहिलेले आहेत, एवढाच फरक. महार वतनाच्या नोंदींत तक्षिमा असतात, म्हणजे वतनात कुणाचा किती वाटा. वाटा सांगायचा तर बाप आणि भाऊ सांगावे लागतात. मला त्यातून चार पिढ्या लागल्या. आडनाव शोधत बसलो असतो तर एकही लागली नसती, कारण तिथं आडनावच नाही. नावापुढं "नाक" लावून बापाचं नाव, झालं. आजचं आडनाव वडिलांना शाळेत मास्तरांनी दिलं, गावाच्या नावाला "कर" जोडून. त्यांनीच जन्मतारीख १ जून टाकली. आमच्या वस्तीत त्या पिढीची निम्मी माणसं १ जूनला जन्मलीत.

शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर बघायला विसरू नका. जातपडताळणीसाठी लोक तिकडं धावतात तेवढ्यापुरतं. आम्हाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. पण त्यात पालकाचा धंदा लिहिलेला असतो. माझ्या आजोबांपुढं "हमाली" आहे. घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

बोरू

वेशीबाहेर, वाईट कशाला वाटेल. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. आणि २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली तेव्हापासून मोडी वाचणार्‍यांना अचानक भाव आलाय. जे कागद वर्षानुवर्षं कुणी सोडत नव्हतं त्याची पानं पाठोपाठ उलटली गेली. माझ्या वर्गात पूर्वी पाच जण यायचे.

गडहिंग्लजकर

आमच्या भागात हेळवी येतोय बघा अजून. बैलावरनं यायचा पूर्वी, आता मोटरसायकलवरनं येतो, पण चोपडी तीच. सुगी झाली की येणार, ओसरीवर बसणार आणि पणजाच्या पणजापासनं म्हणून दाखवणार. कुठनं आलो, कुठल्या गावात दोन भाऊ भांडून वेगळे झाले, सगळं. नवीन पोर झालं असलं तर नाव चढवायचं आणि धान्य घालायचं. आमच्या आज्ज्यानं एकदा त्याला बैल दिल्याचं त्याच्याच चोपडीत हाय, त्यामुळं तो आमच्याकडं जरा जास्तच तालात म्हणतो.

लेकी त्याच्या चोपडीत नसतात मात्र. मी इचारलं तर म्हणला, त्या दुसर्‍या चोपडीत जात्यात.

माहेरवाशीण_५७

"दुसर्‍या चोपडीत जात्यात." गडहिंग्लजकर, हे वाक्य घेऊन मी आता दिवसभर फिरणार.

कोरेगाव_पाटी

अवांतर होईल, पण पत्रं-ट्रंक म्हटल्यावर राहवत नाही. आमच्या आजीच्या घरी पिठाच्या डब्यावर काशाचं जाड झाकण होतं. बशीएवढं. त्यावर एक बाई, एक सिंह आणि कडेने इंग्रजी अक्षरं. आम्ही त्याला "सिंहाचं झाकण" म्हणायचो. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा नीट वाचलं, तर एका चौकटीत आजीच्या चुलत्याचं नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी इंग्रज सरकारने अशी थाळी पाठवली होती. घरात एवढंच माहीत होतं की "तो बसर्‍याला गेला".

त्याचं नाव कॉमनवेल्थ युद्धस्मारकांच्या यादीत सापडलं. हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख. बसर्‍याच्या बाजूला, १९१६. मराठा पलटणी तेव्हा इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. ज्यांच्या घरी "बसरा" हा शब्द ऐकू आलाय त्यांनी ही यादी जरूर बघा. नावाचं स्पेलिंग पाच-सहा तर्‍हांनी टाकून बघावं लागतं. आणि गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत "या गावातून इतके इसम महायुद्धास गेले" अशी दगडी पाटी आहे का तेही बघा. सातारा-रत्नागिरीकडे खूप गावांत आहे, बहुतेक चुन्याखाली.

समुद्रपार

सहा वर्षं मॉरिशसला नोकरीत होतो. तिथे मराठी माणसं आहेत, गणपती दणक्यात होतो, आणि बर्‍याच जणांना आपलं मूळ गाव माहीत नाही. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये म्हणून मुंबई बंदरातून गेले. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या माणसांची दप्तरं आहेत: प्रत्येकाचा नंबर, जहाज, बापाचं नाव, जिल्हा, गाव. गाव इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. माझ्या एका सहकार्‍याच्या खापरपणजोबांचं गाव आम्ही दोघांनी मोठ्याने वाचून वाचून ओळखलं. डोळ्यांनी ते कुठलंच गाव नव्हतं.

अबोली

थांबा थांबा, इथे मोठी गडबड झालीय.

जुनाट यांनी सांगितलं तसं रविवारी सगळी कार्डं हॉलमध्ये जमिनीवर तारखेने मांडली. पंखा बंद. आत्तेभाऊ आला होता, काका खुर्चीत.

माहेरवाशीण म्हणाल्या तशी ठकूची कार्डं एकाच हातची निघाली, एकाच माणसाने पणजोबांना लिहिलेली, "चि. ठकूस आशीर्वाद" सगळ्यांत. १८९७ ते डिसेंबर १९०२. म्हणजे सासरे. पोस्टाचा शिक्का अर्धाच उमटलाय, शेवटचं "गड" वाचता येतं. देवगड की जयगड की आणखी काही, कळत नाही. मजकुरात कोळंबी वाळवल्याचं आणि आगबोटीचं येतं, त्यामुळे किनाराच.

त्यानंतर दीड वर्ष काहीच नाही. एकही कार्ड नाही, कुणाचंच.

मग १९०४ च्या पावसाळ्यापासून दुसर्‍याच हातची कार्डं सुरू होतात. शिक्का स्वच्छ, वाई. तेही पणजोबांना "राजमान्य राजश्री", तेही खाली एका ओळीत आशीर्वाद. पण ठकूला नाही. "चि. बनूस आशीर्वाद." ही कार्डं १९२० च्या पुढेपर्यंत आहेत.

आणि पणजोबांच्या भावाच्या पत्रांत १९०० साली "सौ. सरस्वती वहिनी", १९१० साली "सौ. सरस्वती वहिनी". मधे काही बदललंच नाही अशा थाटात.

एका बाईला दोन माहेरं?

माहेरवाशीण_५७

अगं बाई. दोन सरस्वती.

जुनाट

दीड वर्षाचं भोक. तुम्हाला कळलंच असेल.

दुसरं लग्न झालं की दुसरीलाही तेच नाव ठेवल्याची उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत. लग्नात ताटातल्या तांदळावर नाव काढायचं असतं नवर्‍याने, तो तेच काढायचा. कुणी म्हणत पहिलीचा मान, कुणी म्हणत पहिलीने त्रास देऊ नये म्हणून. मला विचाराल तर हाक मारायची सवय, दुसरं काही नाही.

खुसपट

पण मग अबोलीताईंची पणजी बनू. आजोबा १९०६ चे. आणि कुलवृत्तांतवाल्यांनी दोघींना एकच समजून एकदाच छापलं?

अबोली

तसंच दिसतंय. पण "दिसतंय" वर काका ऐकत नाहीत. ते म्हणाले, "माझ्या आजोबांची दोन लग्नं झाली असती तर मला माहीत नसतं?" आणि दुपारचं झोपायला गेले. पुरावा कसा मिळवू?

पळीपंचपात्र

आजोबा पितृपक्ष करत होते का? करत असतील तर पुरावा घरातच आहे.

महालयाला नुसते बाप-आजा-पणजा नसतात. क्रम ठरलेला आहे: पितृत्रयी, मातृत्रयी, मग सापत्नमाता म्हणजे सावत्र आई, मग आईच्या बाजूचे मातामह वगैरे, पुढे बायको, मुलं, काका, मामा, आत्या, मावशी, सासरे, गुरू. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र उच्चारावं लागतं, बाईच्या नावाला "दा" जोडून. एवढी नावं पाठ कुणाला? म्हणून प्रत्येक घरात एक वही किंवा पोथीत खोचलेला कागद असायचा, गुरुजी आले की त्यांच्यापुढे ठेवायला. तुमच्या आजोबांच्या यादीत "सापत्नमाता" या ओळीपुढे काय आहे ते बघा. पहिली बायको मूल न होता गेली तर वंशावळीत तिला जागा नसते. तर्पणात असते.

आणि मातामहापुढे वाईच्या सासर्‍यांचं नाव-गोत्र मिळेल, म्हणजे तुमचं मूळ काम झालं. ते घेऊन नाशिक किंवा त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांकडे जा. आडनाव-गाव सांगितलं की ते नामावळी काढतात. त्या घराण्यातलं कुणी तिथे जाऊन गेलं असेल तर त्याच्या हातची नोंद मिळेल. फोन करून जा, आणि दक्षिणेचं आधी बोलून घ्या.

आठ_अ

हा पुरावा तहसीलदार मानणार नाही, पण काका मानतील.

अबोली

चार दिवस उशीर झाला, माफ करा. वही पुण्याला आत्तेभावाकडे होती, आत्याने देवघराच्या खणात जपून ठेवलेली. अर्ध्या फुलस्केपची, दोर्‍याने शिवलेली. आजोबांचं अक्षर बालबोध, टपोरं. त्याने फोटो पाठवला.

माता – सरस्वतीदा.

खाली पितामही, प्रपितामही.

त्याखाली सापत्नमाता – सरस्वतीदा.

मातामहापुढे नाव आहे, गोत्र आहे, वाईच्या कार्डांवरची सही तीच. म्हणजे पणजीचं माहेर लागलं. पुढच्या महिन्यात वाईला जाणार आहोत, मी आणि काकू. हो, त्याच काकू.

ठकूच्या बापाचं नाव यादीत नाही. ते तिथे असण्याचं कारणच नाही म्हणा. म्हणून मी परत तिच्या शेवटच्या कार्डाकडे आले. बोरूंच्या युक्तीने आता त्यांचा हात मला बर्‍यापैकी वाचता येतो. मजकूर असा: चि. ठकूस सातवा लागला असे समजते, तरी पौष लागण्याआधी आगबोटीने पाठवावी, सोबत पाहून कळवावे, मी स्वतः धक्क्यावर येतो, घरात तिची आई वाट पाहते.

कार्ड उलटं केलं तर पत्त्याच्या बाजूला, पत्ता सोडून उरलेल्या जागेत, पेन्सिलीने पणजोबांचा हिशेब. आगबोट १॥।. हमाल ०।. नारळ. लुगडे एक.

म्हणजे पाठवली.

काल संध्याकाळी काकांना वहीचा फोटो मोठा करून दाखवला. दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "दादा पक्ष करायचे तेव्हा मी पाणी द्यायला बसायचो. दर वर्षी सरस्वती दोनदा यायचं. मला वाटायचं, गुरुजी चुकतात."